कमरेला पॉइंट बत्तीस: दोन वर्षं बाळगल्यावर आकाराबद्दल जे कळलं ते

वसमतच्या मोंढ्यात आमची हळदीची अडत आहे. हंगाम तापला की शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, त्याच दिवशी लागते आणि त्यातली बरीचशी रोख लागते, कारण परत जाताना टेम्पोभाडं, मजुरांचे पैसे, किराणा सगळं उरकायचं असतं. गावातली रोकड दुपारीच संपली की नांदेड गाठायचं आणि अंधार पडता पडता परत यायचं. याच रस्त्यावर माझ्या एका नातेवाईकाची बॅग गेली, तेव्हा मी शस्त्रपरवान्याचा अर्ज केला. परवाना कसा मिळाला ते रडगाणं इथं नको.

लिहायचं कारण वेगळं आहे. रिव्हॉल्वर घेण्याआधी मला ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला ते सगळे नळीची लांबी, गोळीची ताकद आणि किंमत यावर बोलले. दिवसाचे दहा-बारा तास ते लोखंड कमरेला बांधून गादीवर बसलं की काय होतं, हे एकानेही सांगितलं नाही. कसं सांगणार? बहुतेकांचं कपाटात असतं आणि दसऱ्याला पूजेपुरतं बाहेर निघतं.

आपल्याकडे निवड मुळात थोडी. ९ एमएम आणि ०.३८ सामान्य माणसाला मिळत नाही, ती बंदी घातलेली कॅलिबरं, म्हणजे गोळीची मापं. बाहेर देशातून मागवायची सोय कित्येक वर्षांपासून बंद आहे, त्यामुळे जुनी विलायती पिस्तुलं हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव ऐकले की जमीन घ्यावी वाटते. उरतं ते मुख्यतः देशी ०.३२, म्हणजेच पॉइंट बत्तीस. मी दुकानात गेलो तो डोक्यात एकच हिशेब घेऊन: जेवढं हलकं, तेवढं लपणार.

हा हिशेब किती चुकीचा होता ते आकड्यांतच दिसत होतं, मला वाचता आलं नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नेहमीचं ०.३२ रिव्हॉल्वर साधारण ७०० ग्रॅमचं. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅम. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेलं ‘प्रबल’ ६७५ ग्रॅम, त्याची चक्री, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, बाजूला उघडते. वजनात दोनशे ग्रॅमचा फरक, पण लांबी तिन्हींची जवळपास एकच, १७८ मिलिमीटरच्या आसपास, आणि नळी तिन्हींची तीन इंची. म्हणजे खिशाला वजन कमी वाटेल, शर्टाला मात्र फुगवटा तेवढाच. शर्ट काही वजनकाटा नाही.

मी २०२३ च्या दिवाळीत ७०० ग्रॅमचं घेतलं. हलकं रिव्हॉल्वर हाताला जास्त उसळतं हे माहीत होतं, आणि आमच्या बापूंचं म्हणणं, ‘‘चीज हातात घेतली की घेतल्यासारखी वाटली पाहिजे.’’ बापूंनी जन्मभर बाराबोअरची लांब बंदूक बघितलेली.

पहिला आठवडा मजेत गेला. उभं असताना काही दिसत नव्हतं. आरशात मागून, पुढून, बाजूने बघितलं, बायकोला विचारलं. ‘‘अहो, काही दिसत नाही, पण तुम्ही चालता असं की जणू फोड आलाय,’’ ती म्हणाली. मग सोमवारी पेढीवर बसलो. आमच्याकडे खुर्ची-टेबल आहे, पण हिशेबाची बैठक अजून गादीवर, मांडी घालून. मांडी घातली की उजव्या कमरेवरच्या रिव्हॉल्वरची नळी गादीला टेकते, ते वर ढकललं जातं आणि मूठ बरगडीत घुसते. दोन तासांनी मी एका कुल्ल्यावर कलून बसायला लागलो. आमचे जुने हमाल मामा, चाळीस वर्षं पोती उचलणारा माणूस, माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘शेठ, कंबर दुखायली का? हळद-तेल लावा.’’ लपवण्याची परीक्षा मी तिथंच नापास झालो. कोणाला शस्त्र दिसलं नव्हतं, पण मी काहीतरी सांभाळतोय हे सगळ्या मोंढ्याला दिसत होतं.

मग कळलं की दिसते ती मूठ. नळी पँटच्या आत, मांडीच्या रेषेत उतरते, ती तीन इंची असो की चार इंची, फरक पडत नाही. मूठ मात्र कमरेच्या रेषेला आडवी बाहेर निघते. बिटाच्या, म्हणजे लिलावाच्या, वेळी हळदीच्या ढिगावर वाकून कांडी मोडून बघायची असते, दिवसातून शंभर वेळा. वाकलं की शर्ट पाठीला ताणला जातो आणि मुठीचं टोक तंबूच्या खुंटीसारखं उभं राहतं. दुसरी दिसते ती चक्री. सहा काडतुसांची चक्री म्हणजे चपट्या वस्तूच्या मधोमध एक लाडू. पट्टा तिच्यावरून जातो, तिथं फट पडते, आणि त्या फटीमुळे सगळं होल्स्टर, म्हणजे शस्त्राचं म्यान, हलतं.

होल्स्टरवर मी तीनदा पैसे घालवले. पहिलं कापडी, ऑनलाइन मागवलेलं. त्यात चाप उघडाच राहायचा. असं होल्स्टर कोणाला फुकट मिळालं तरी घेऊ नका. दुसरं खांद्याचं, काखेत लटकणारं. सिनेमात छान दिसतं. मे महिन्यात, परभणी-हिंगोलीच्या बेचाळीस डिग्रीत, त्यावर जाकीट घालून मोंढ्यात बसणारा माणूस मला दाखवा. तिसरं जाड चामड्याचं, पट्ट्याच्या आतलं, चाप पूर्ण झाकणारं. तेच आजवर टिकलं. त्याबरोबर कपडेही बदलावे लागले. नाडीच्या पायजम्यावर सातशे ग्रॅम टिकत नाही, पायजमाच खाली येतो. मी वीस वर्षांची सवय सोडून रोज पँट आणि दुहेरी चामड्याचा पट्टा घालायला लागलो. माझ्या मते आकाराआधी पट्टा घ्यावा. ढिल्या पट्ट्यावर अर्ध्या किलोचं निर्भीकही लोंबतं, आणि ताठ पट्ट्यावर सातशे ग्रॅम तासाभरात विसरायला होतं.

मागे, पाठीच्या कण्यावर लावून बघितलं. गाडीवर बसलं की टोचतं, आणि मोटारसायकल घसरली तर लोखंड थेट मणक्यावर, हा विचार आला आणि सोडून दिलं. पोटाच्या पुढे लावायला पोट कमी हवं.

आता बॅगेचं. आमच्याकडे निम्म्या लोकांचं उत्तर ‘पाऊचमध्ये ठेवा’ हेच असतं. मीही दीड महिना ठेवलं. कमर मोकळी, मांडी मोकळी, आकाराचा प्रश्नच मिटला. एका दुपारी नांदेडहून येताना चहाला थांबलो, पैसे दिले, गाडीत बसलो, दोन किलोमीटर गेलो आणि अंगाला कापरं भरलं. पाऊच बाकड्यावर. परत कसा गेलो ते आठवत नाही. पाऊच होता तिथंच होता, शेजारी एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर करून म्हटलं, ‘‘तुझंच का रं बाबा? लई जड हाय.’’ तेव्हापासून शस्त्र अंगावर. २०१६ च्या शस्त्र नियमांतही सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर-पिस्तुलासारखं छोटं शस्त्र होल्स्टरसारख्या वस्तूत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं असंच आहे. ताब्यात या शब्दाचा अर्थ मला त्या बाकड्यावर कळला.

२०२४ साल अर्धवट गेलं. लोकसभेची आचारसंहिता लागली, शस्त्र ठाण्यात जमा. आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान, निकाल ४ जूनला. म्हणजे हळदीचा ऐन हंगाम बिनहत्यारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला विधानसभेसाठी पुन्हा जमा. गंमत म्हणजे त्या हंगामात मी रोख कमी केली, मोठ्या पट्ट्या थेट खात्यावर टाकल्या आणि अंधाराआधी परतायला लागलो. ही सवय शस्त्र परत आल्यावरही ठेवली. जूनमध्ये ते हातात आलं तेव्हा चक्रीच्या कडेला गंजाचे ठिपके होते. दोष माझा. देताना दोन महिन्यांचा घाम पुसलाच नव्हता. उन्हाळ्यात कमरेच्या आत ठेवलेल्या लोखंडाला रोज रात्री कोरड्या फडक्याने आणि आठवड्याला तेलाच्या हाताने पुसावंच लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये परवानगी काढून रिव्हॉल्वर विकलं आणि ‘अशनी’ पिस्तूल घेतलं. दोन्ही ०.३२ म्हणवतात, पण काडतूस वेगळं: रिव्हॉल्वरचं लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. उरलेली जुनी काडतुसं पिस्तुलाच्या कामाची नाहीत, ती दुकानदाराकडे रीतसर जमा करावी लागतात आणि परवान्यावरची नोंदही बदलून घ्यावी लागते. बदलायचं मनात असेल तर काडतुसांचा साठा करू नका.

पिस्तूल लोखंडीच आहे आणि तराजूत फार हलकं नाही. पण ते चपटं आहे. चक्रीचा लाडू नाही, त्यामुळे होल्स्टर अंगाला वहीसारखं चिकटतं. पहिल्याच दिवशी मांडी घालून पाच तास बसलो आणि संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभर मी एकदाही कललो नव्हतो. वाकल्यावर अजूनही मुठीची कड दिसते, पण खिशातल्या मोबाइलइतकी. लांबी-वजनापेक्षा जाडी बघा, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर चौदा महिने आणि थोडी कातडी वाचली असती.

त्याचे स्वतःचे नखरे आहेत. आमच्या मोंढ्यात हवेतच हळद असते. संध्याकाळी रुमाल पिवळा, कानातला मळ पिवळा. मी रिव्हॉल्वरच्या सवयीने पिस्तुलाला भरपूर तेल लावायचो. तेलात हळदीची पूड बसून आत पिवळा लेप तयार झाला आणि नेमबाजीच्या रेंजवर तिसऱ्या गोळीला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, अर्ध्यात थांबली. तिथल्या उस्तादांनी उघडून बघितलं आणि विचारलं, ‘‘भाजीला फोडणी दिली का याच्यात?’’ तेव्हापासून तेल थेंबभर आणि साफसफाई आठवड्याची. रिव्हॉल्वरला हे सोसतं. एक गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढा, दुसरी समोर येते. पिस्तुलाला दोन्ही हातांचं काम पडतं आणि तो सराव नसेल तर चपटेपणाचा काही उपयोग नाही. मी महिन्यातून एकदा तरी घरी दार लावून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रिकाम्या पिस्तुलावर हात बसवतो. घरात दोन लहान मुलं आहेत, म्हणून नळीत गोळी ठेवत नाही, फक्त मॅगझिनमध्ये. यात एक क्षण जातो हे मान्य. तो मी जाऊ देतो.

मधल्या काळात २५० ग्रॅमचं ‘निडर’ही हातात घेऊन बघितलं, ०.२२ चं. मुठीत मावतं, सदऱ्याच्या खिशात पत्ता लागत नाही. पण माझा हात पोती धरणाऱ्यांच्या घराण्यातला. दोनच बोटं बसली, करंगळी आणि अनामिका हवेत. एवढ्याशा नळीवर नेम धरायची पुढची-मागची माशी इतकी जवळ की हात केसभर हलला तरी नेम दूर जातो. शिवाय ०.२२ च्या काडतुसावर ठोका बुडाच्या कडेला बसतो, ते मधोमध ठोका बसणाऱ्या काडतुसाइतकं भरवशाचं नसतं. लहान हाताच्या माणसाला, ज्याला काहीच जमत नाही त्याला, ते ठीक. मला नाही. रेंजवर माझं रिव्हॉल्वर दहा मीटरवर पिस्तुलापेक्षा जरा चांगलं चालायचं, मोठ्या मुठीमुळे. हे कबूल करायला हवं. गादीवर बसायचं नसतं, दिवसभर गाडीत किंवा शेतात उभा असतो, तर मी कदाचित ते विकलं नसतं.

आणखी एक, ज्याचा आकाराशी संबंध आहे हे पटकन लक्षात येत नाही. परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार इथं शस्त्र न्यायला मनाई असते. महाशिवरात्रीला औंढा नागनाथला जायचं तर घरीच ठेवून जायचं. मुलीच्या शाळेत सभा असली तर आधी घर. म्हणजे ते दिवसातून दोन-तीनदा काढायचं आणि घालायचं असतं, आणि जे घालायला किचकट ते हळूहळू कपाटात जातं. रिव्हॉल्वर मी शेवटी शेवटी आठवड्यातून दोनच दिवस लावत होतो. पिस्तूल हंगामात रोज.

लग्नाचं विचाराल तर तिथं मी नेतच नाही. कोणीतरी पाहुणा कमरेला हात लावून ‘‘एक बार काढा की दाजी’’ म्हणतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जवळच्या बीड जिल्ह्यात २०२५ मध्ये परवान्यांची छाननी झाली आणि कितीतरी रद्द झाले, त्यात मिरवणाऱ्यांचे फोटोही फिरले. मोठी मूठ, चकचकीत नळी, शर्टाच्या वर दिसेल असं होल्स्टर ही सगळी त्या फोटोसाठीची मापं. त्यांना आकार निवडताना वेगळा हिशेब असतो.

सध्या माझी एकच अडचण उरलीय, शर्टांची. तयार शर्ट कमरेला आवळ येतात, वाकलं की वर चढतात. म्हणून आता सगळे शिवून घेतो: दोन इंच लांब, गडद रंगाचे, बाजूची चीर बंद. पहिल्या वेळी शिंप्याला काय सांगावं सुचेना, म्हटलं गाडीवर बसताना वर चढतो. त्याने टेप लावता लावता उजव्या कमरेशी हात थांबवला, काही बोलला नाही. परवा मापाची वही उघडी होती तेव्हा बघितलं. माझ्या नावापुढे छाती, बाही, गळा आणि शेवटी त्याच्या अक्षरात: ‘उजवीकडे ढिला’.