रात्री मुलाचे पोट दुखते आहे: घर, दवाखाना की कॅज्युअल्टी?

जुलाब-उलट्या होणाऱ्या मुलाला घेऊन आपण कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वेळा झाले? दुसरा असतो, शेवटची लघवी केव्हा झाली? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, कारण गॅस्ट्रोमध्ये लहान मुलाला मोठा धोका असतो तो अंगातले पाणी कमी होण्याचा. मात्र पोटात किती आणि कसे दुखते आहे, हे विचारायचे पुष्कळदा राहून जाते, आणि घाबरलेले आईवडीलही ते सांगायला विसरतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत रात्री अकरा वाजता घरीच थांबावे, सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे की आत्ताच कॅज्युअल्टी गाठावी, हे ठरवताना जुलाबांच्या आकड्याइतकेच वजन दुखण्याच्या स्वरूपाला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅस्ट्रोचे दुखणे बहुधा कळ येऊन जाणारे असते. मुरडा येतो, शी होते आणि थोडे बरे वाटते. दोन कळांच्या मधल्या वेळात मूल पाणी मागते, खेळण्याकडे पाहते. उलट्या सहसा एक-दोन दिवसांत थांबतात, जुलाब मात्र 5 ते 7 दिवस रेंगाळू शकतात. अपेंडिक्सच्या सुजेचे दुखणे याहून वेगळ्या वाटेने जाते. ते अनेकदा बेंबीपाशी सुरू होते, काही तासांत पोटाच्या उजव्या बाजूला खाली सरकते, एका जागी ठाण मांडते आणि वाढत राहते. बहुतेक वेळा आधी दुखते आणि मग उलटी होते. असे मूल वाकून चालते, उडी मारायला सांगितली तर नको म्हणते, आणि रिक्षा गतिरोधकावरून गेली की कळवळते. अपेंडिक्सला सूज आलेल्या मुलालाही जुलाब होऊ शकतात, त्यामुळे ‘जुलाब आहेत म्हणजे गॅस्ट्रोच’ हा तर्क धोक्याचा आहे. पाच वर्षांखालील मुलांना दुखण्याची जागा नीट सांगता येत नाही, निदान लांबते आणि तोवर अपेंडिक्स फुटलेले असण्याची शक्यता वाढते.

साधारण तीन महिने ते तीन वर्षे या वयात आतड्यात आतडे शिरण्याचा आजार होतो. त्यात बाळ थोड्या थोड्या वेळाने किंचाळून रडते, पाय पोटाशी ओढून घेते आणि मधल्या वेळात मलूल पडते. लालसर जेलीसारखी शी हे त्याचे प्रसिद्ध लक्षण, पण ते उशिरा दिसते. त्याची वाट पाहू नये. मुलगा असेल तर चड्डी काढून अंडकोष सुजला आहे का, हेही पाहावे. तिथे पीळ पडला असेल तर मुलगा लाजेपोटी नुसते ‘पोट दुखते’ असे सांगतो, आणि अंडकोष वाचवण्यासाठी हातात साधारण सहाच तास असतात. पोटदुखी आणि उलट्या असूनही मुलाला भरपूर लघवी होत असेल व तहान भागत नसेल, तर मधुमेहाची शंका घेऊन रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण गॅस्ट्रोमध्ये लघवी कमी होते, वाढत नाही.

यांपैकी काही नसेल, मूल सावध असेल, लघवी होत असेल आणि दुखणे कळांपुरतेच असेल, तर घर हीच सर्वांत चांगली जागा आहे. जलसंजीवनीचे (ओआरएसचे) मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि ते पाणी चमच्याने थोडे थोडे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. दुकानातून पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे वाचावे, कारण साखरेची गोड पेये ‘ओआरएस’ म्हणून वर्षानुवर्षे विकली गेली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाला त्यावर आदेश काढावे लागले. आजीने बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला तर बिघडत नाही, मायेच्या हाताने मूल शांतही होते. जायफळ उगाळून देणे मात्र मी टाळेन, कारण त्याने आलेली गुंगी आणि पाणी कमी झाल्याने आलेली गुंगी घरात बसून वेगळी ओळखता येत नाही.

सकाळी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाण्याचा मोठा फायदा हा की त्यांना मूल ओळखीचे असते आणि त्याचे वजन त्यांच्याकडे लिहिलेले असते. रात्र बरी गेली, पण दुखणे पुन्हा पुन्हा येते आहे, ताप आहे किंवा शीमध्ये रक्ताची रेघ दिसली, तर ही जागा योग्य. रक्त पुष्कळ असेल तर सकाळची वाट पाहू नये.

कॅज्युअल्टी केव्हा? दुखणे एका जागी आणि वाढते असेल, पोट कडक किंवा फुगलेले असेल, उलटी हिरवी होत असेल, सहा ते आठ तास लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा मूल जागे करूनही नीट जागे होत नसेल, तेव्हा. मग प्रश्न उरतो कोणती. घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यालगत राहणारी माणसे साहजिकच सर्वांत जवळचे नर्सिंग होम गाठतात. आम्हीही भाच्याला तसेच नेले होते. तिथे लगेच सलाईन लागले, पण पोटाला हात लावून पाहणारे आणि सोनोग्राफी करणारे रात्री कोणी नव्हते, आणि पहाटे मुलाला दुसरीकडे हलवावे लागले. त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: बालरोगतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का, सोनोग्राफी रात्री होते का, गरज पडल्यास मुलांचे सर्जन येऊ शकतात का. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि वाशीला महापालिकेचे सार्वजनिक रुग्णालय आहे. तिथे गर्दी असते, पण खर्चाचा भार हलका होतो. मूल गुंगीत असेल तर फोनाफोनी न करता 108 ला फोन करावा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.

सलाईनविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पाणी सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी झाले असेल तर तोंडाने दिलेली जलसंजीवनी सलाईनइतकीच उपयोगी ठरते, आणि सुई टोचण्याची वेदना टळते. उलटी थांबत नसेल तर डॉक्टर ऑनडॅनसेट्रॉनचा एक डोस देतात, मग पाणी पोटात टिकते.

वेदनाशामक औषधांत पॅरासिटामॉल पहिले: एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर. बाटली मात्र वाचावीच. 12 किलोच्या मुलाला 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेले सिरप 5 मिलिलिटर चालते. 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असलेले तेवढेच सिरप जास्त होते. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड तापासाठी घरात असतात, पण पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करू शकतात, म्हणून जुलाबांत ती नकोत. पोटातली कळ थांबवण्यासाठी देतात ते डायसायक्लोमिनचे थेंब सहा महिन्यांखालील बाळाला देऊच नयेत. ‘औषध दिले तर दुखणे झाकले जाईल आणि डॉक्टरांना कळणार नाही’ या समजुतीने मुलाला तळमळत ठेवू नये. अपेंडिक्सच्या रुग्णांवरील अभ्यासांत वेदनाशामकामुळे निदान चुकत नसल्याचे दिसले आहे. दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ कागदावर लिहून नेली म्हणजे झाले.

त्याच कागदावर दुखण्याचीही नोंद करावी: केव्हा सुरू झाले, उलटीच्या आधी की नंतर, कुठून कुठे सरकले, शी झाल्यावर कमी होते का. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे काढले तर ते आपला चेहरा बोटाने दाखवते. रुग्णालयात कोणी विचारले नाही, तर तो कागद आपणच पुढे करावा.