कुंभारकामाच्या चाकाला जड स्टीलची तबकडी: घ्यावी का?

घ्यावी, पण मोटर आणि बेअरिंग धड असतील तरच. ३०० मिमी व्यासाची, १२ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तबकडी साधारण २.३ किलो भरते. त्याच मापाची माइल्ड स्टीलची ६.६ किलो. फरक माती सेंटर करताना, म्हणजे फिरत्या चाकावर गोळा बरोबर मध्यावर आणताना, हाताला लगेच कळतो. मोठा गोळा दाबला तरी चाक अडखळत नाही, कमी वेगातही फिरणं एकसारखं राहतं.

सगळी मदार लेथच्या (कातयंत्राच्या) कामावर आहे. मधला बॉस (चाकाच्या दांड्यावर बसणारा जाड गोल तुकडा) आधी वेल्ड करून घ्या, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो. मग बोअर (बॉसमधलं दांड्याचं भोक) आणि वरचा पृष्ठभाग एकाच सेटिंगमध्ये टर्न करायला सांगा. लेथवरून काम सोडून पुन्हा पकडलं की तबकडी फिरताना लचकलीच म्हणून समजा! बसवल्यावर कडेला डायल गेज (फिरताना कड किती हलते ते दाखवणारं मापयंत्र) लावून तपासा. बॅट पिनची (वर ठेवायची काढती फळी, म्हणजे बॅट, अडकवणाऱ्या दोन खुंट्यांची) भोकं मध्यापासून समान अंतरावर, एकमेकांपासून २५४ मिमीवर.

तोटेही आहेत. चाक थांबायला वेळ लागतो, झटकन वेग वाढवला तर बेल्ट घसरतो. पांढऱ्या मातीवर गंजाचे डाग पडतात. काम संपलं की तबकडी कोरडी पुसून तेलाचा हात फिरवावाच लागतो. छोट्या कपांपुरतं काम असेल तर अ‍ॅल्युमिनियमच बरं.