सांगलीतले गिटारचे तीन दिवस: संध्याकाळपेक्षा सकाळ सरस

सांगलीच्या गिटार महोत्सवाच्या तीन दिवसांच्या पासाचा दर एका चांगल्या नाटकाच्या पुढच्या रांगेच्या तिकिटाइतका. तेवढ्यात सकाळी कार्यशाळा, दुपारी स्पर्धा आणि संध्याकाळी मैफल. शिकणाऱ्यानं पास जरूर घ्यावा. नुसतं ऐकायला येणाऱ्यानं पहिल्या सहा-सात रांगांत जागा मिळते का ते आधी बघावं, नाहीतर पैसे देऊन पंख्यांची घरघर ऐकावी लागते.

वाद्यच तसं आहे. क्लासिकल गिटारच्या बारीक तीन तारा नुसत्या नायलॉनच्या, जाड तीन तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली. छेडायच्या त्या बोटांनी आणि नखांनी. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं एकोणिसाव्या शतकात पेटी मोठी केली, आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या लावून वरची फळी पातळ ठेवली. तारेची ६५० मिलिमीटर लांबीही त्याच घडणीतून रूढ झाली. आजच्या बहुतेक क्लासिकल गिटारी तोच आराखडा पाळतात, तरी आवाज लहानच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं त्या गावाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या खड्या आवाजाची सवय आहे. इथं कान पुढं करून ऐकावं लागतं.

पहिल्या संध्याकाळी साउंडवाल्यानं माइक थेट गिटारच्या भोकासमोर ठेवला. हौशी कार्यक्रमांत सर्रास होणारी ही चूक. पेटीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि भोकासमोर तोच घुमारा सगळ्यांत जास्त पकडला जातो. सगळ्यांत जाड सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा (मानेवरच्या आडव्या पट्टीवरचा, म्हणजे फ्रेटवरचा) सूर ढोलासारखा फुगत होता, बारीक तारांवरची चाल त्याखाली गुदमरत होती, आणि आवाज वाढवला की स्पीकर शिट्टी मारत होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शहाणपण केलं. मान पेटीला मिळते त्या जागेकडे तोंड करून, अर्ध्या मीटरवर माइक आला. बरंच सुधारलं. तिसऱ्या दिवशी माइकच काढला, पंखे बंद, दारं बंद. जुलैअखेरची दमट हवा, रुमाल ओले झाले, पण स्पॅनिश गिटारकार तारेगाच्या ट्रेमोलोतला, म्हणजे एकाच तारेवर बोटांनी भराभर दिलेल्या ठोक्यांतला, एकेक ठोका सुटा कळला. तिन्ही दिवस असंच हवं होतं. बाहेर भडंगाची विक्री होती ती मध्यंतरापुरती ठेवता आली असती. बाखच्या संथ सराबांदमध्ये प्लॅस्टिकच्या पुडीची चुरचुर सहाव्या रांगेपर्यंत येते.

टाळ्यांचंही तसंच. चार भागांची रचना असेल तर प्रत्येक भागानंतर टाळ्या पडत होत्या, वाजवणाऱ्याचा हात तारांवर तसाच थांबलेला. निवेदकानं आधी एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

स्पर्धेचे नियम नेटके होते. पंधरा वर्षांखालचा गट आणि खुला गट, पहिल्या फेरीला आठ मिनिटं, गिटारकार कार्कासीच्या ओपस ६० या अभ्याससंग्रहातला नेमून दिलेला एक अभ्यास आणि एक रचना आपल्या आवडीची. प्रत्येकाला परीक्षकांचा लेखी शेरा मिळाला, बक्षिसापेक्षा तो कागद मोलाचा. उणीव एकच पण मोठी: सूर लावायला आणि हात गरम करायला वेगळी खोली नव्हती. मुलं ओल्या व्हरांड्यात गिटार घेऊन उभी, तिथून थेट मंचावर प्रखर दिव्यांखाली. उष्णतेनं नायलॉन सैलावतं, सूर उतरतो, आणि आठ मिनिटांतलं दीड मिनिट खुंट्या पिळण्यात जातं. काहींनी आदल्या रात्री नव्या तारा चढवल्या होत्या. नायलॉन बसायला तीन-चार दिवस लागतात, तोवर ते ताणतच राहतं. स्पर्धेच्या निदान चार दिवस आधी तारा बदलाव्यात.

वाजवण्यातल्या चुकाही ठरावीक. ट्रेमोलोत अंगठा, मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी असा क्रम असतो. त्यात मधल्या बोटाचा ठोका हलका पडतो आणि लय लंगडते. वेग वाढवून हे झाकलं जात नाही, उलट जास्त कळतं. दुसरी चूक जाड तारांवरच्या किर्र आवाजाची. जागा बदलताना बोट घासत नेलं की गुंडाळलेली तार ओरडते, बोट आधी सरळ वर उचलायचं आणि मग हात न्यायचा. परीक्षकांनी हे दोन्ही मुद्दे बहुतेक शेऱ्यांत लिहिले होते.

नखांची कार्यशाळा तासाभराची आणि कामाची. नख बोटाच्या टोकापुढं एक ते दोन मिलिमीटर, त्याहून लांब ठेवलं तर तारेत अडकतं. कानसीनं आकार दिल्यावर थांबायचं नाही. गाडी रंगवणाऱ्यांकडे मिळणारा २००० नंबरचा वॉटर पेपर घेऊन कड आतून-बाहेरून गुळगुळीत करायची. खरबरीत कडेचा आवाज पत्र्यासारखा येतो, आणि लोक दोष तारांना देतात.

पण या महोत्सवात खरं सोनं होतं ते मिरजेच्या कारागिराच्या दुसऱ्या दिवशीच्या सत्रात. ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथला माणूस गिटारच्या घोडीबद्दल, म्हणजे पेटीवर तारा जिच्यावर टेकतात त्या ब्रिजबद्दल, बोलतो तेव्हा गोष्ट उलट्या बाजूनं कळते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता घासतात, तार त्यावर चाटत कंपते आणि जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो गुंजणारा झणकार, खुलते. गिटारच्या घोडीतली हाडाची पट्टी मात्र तारेला एकाच कडेवर नेमकी टेकायला हवी. माथा सपाट राहिला तर नकळत जवारी लागते आणि गिटार झणझणते. तंबोऱ्यात ज्याचे पैसे मोजायचे तोच गिटारमध्ये बिघाड.

झणझण शोधायची रीतही त्यानं सोपी करून दाखवली. फक्त मोकळी, न दाबलेली तार झणझणते? मानेच्या टोकाच्या नट नावाच्या पट्टीतली खाच खोल गेली आहे. एकाच पडद्यावर झणझणते? त्याच्या पुढचा पडदा वर आला आहे. सगळीकडेच? तारा फार खाली आहेत. आणि काहीच सापडलं नाही तर घोडीमागं तारेचं मोकळं टोक फळीला टेकतंय का ते बघा. सत्राला आणलेल्या दोन गिटारींचा आजार एवढाच निघाला, नखकटरनं बरा झाला.

तारांची उंची बाराव्या पडद्यावर मोजतात. जाड सहाव्या तारेखाली साधारण ४ मिलिमीटर, बारीक पहिलीखाली ३. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथं अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर घोडीची पट्टी एक मिलिमीटर घासावी लागते. पट्टी नेहमी खालच्या बाजूनं घासायची, वरची कड तशीच ठेवायची. आणि पावसाळ्यात तर हात आखडता घ्यायचा. दमट हवेत फळी फुगून घोडी वर येते, तारा उंच वाटतात, माणूस पट्टी घासून मोकळा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड वाळून फळी बसते आणि त्याच तारा पडद्यांवर आपटायला लागतात. घासलेलं हाड परत वाढत नाही. त्यापेक्षा दोन पट्ट्या करून ठेवाव्यात, एक पावसाळी, एक उन्हाळी. कृष्णाकाठच्या हवेत हा सल्ला कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी.

एका गिटारची घोडी निम्मी उखडलेली होती. दुकानदारानं नायलॉन संपलं म्हणून स्टीलच्या तारा लावून दिल्या होत्या. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास, स्टीलच्या हलक्या संचाचाही ७०च्या पुढं. क्लासिकल गिटारची घोडी नुसती सरसानं चिकटवलेली असते आणि मानेत बहुधा लोखंडी दांडीही नसते. अशी गिटार काही महिन्यांत वाकते. सेकंडहँड घेताना आधी तारा आणि मग घोडीच्या मागची फट बघावी, पोस्टकार्डाचा कोपरा आत जात असेल तर सोडून द्यावी.

हे सत्र दीड तासांचं होतं आणि तीस जणांच्या खोलीत साठ जण दाटले होते. पुढच्या खेपेला दोनदा ठेवावं. आणि तारखाही हलवाव्यात. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेच्या पुरानं काय केलं ते सांगलीत कुणाला सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे बघत कोण बाहेरगावच्या गाडीचं आरक्षण करील? डिसेंबरात गावही कोरडं असतं आणि लाकूडही.

बाहेरून येणाऱ्यांनी मिरज जंक्शनला उतरावं. मैफल साडेनऊला सुटते, त्यानंतरही मिरजेला वडाप (वाटून घ्यायची गाडी) मिळतं, पण गिटार कापडी कव्हरात असेल तर रिक्षा करावी. दाटीवाटीत गिटार आडवी सरकली की ती मोडते मानेच्या टोकाशी, खुंट्यांचा भाग मागं वळतो तिथं. तिथं लाकडाच्या रेषा तोकड्या असतात, म्हणून लाकूड सहज तुटतं.