मालवणात पाहिलेले चांद्रपोशाखांच्या चाचण्यांचे प्रदर्शन

दिवाळीच्या सुट्टीत मालवणातील एका हायस्कूलच्या सभागृहात आलेले फिरते विज्ञान प्रदर्शन मी दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा केवळ हातमोज्याच्या प्रयोगासाठी. चंद्रावर माणूस उतरण्यापूर्वी पोशाख आणि उपकरणे कशी पारखली गेली, एवढाच विषय आयोजकांनी घेतला आहे.

काचेच्या हंडीत तोंड बांधलेला, सुरकुतलेला रबरी हातमोजा ठेवून पंपाने हंडीतील हवा काढू लागतात. हळूहळू सुरकुत्या जातात, बोटे एकेक करून ताठ होतात आणि पंजा असा तटतटून उभा राहतो की ती बोटे मिटवायला किती जोर लागेल, हे निराळे सांगावे लागत नाही. अपोलो या अमेरिकी चांद्रमोहिमांच्या पोशाखात वातावरणाच्या जेमतेम पाव दाबाचा शुद्ध प्राणवायू भरत आणि तरीही अंतराळवीरांचे हात भरून येत. मग त्याच हंडीत कोमट पाण्याची वाटी ठेवतात आणि ते पाणी विस्तवाशिवाय उकळू लागते. नेमक्या त्याच वेळी निवेदिकेने १४ डिसेंबर १९६६ ची अमेरिकेतील ह्यूस्टनमधील घटना सांगितली. निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी देणाऱ्या जिम लेब्लांक यांची हवेची नळी निसटली, सुमारे १४ सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली आणि त्याआधी जिभेवरची लाळ बुडबुडत असल्याचे त्यांना जाणवले होते. कक्षात तातडीने हवा सोडल्यामुळे ते वाचले. माझ्या शेजारच्या मुलाने नकळत ओठ घट्ट मिटून घेतले.

पाण्यातील सरावाचा भाग मात्र अपुरा वाटला. ह्यूस्टनच्या आजच्या ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल तलावात पोशाखाला हिशेबाने वजने लावून चंद्रावरच्या एक षष्ठांश वजनाचा अनुभव देता येतो, हे फलकावर आहे. तारकर्लीला पर्यटकांना स्कूबासाठी उतरवणाऱ्या एका तरुणाने विचारले की, पाणी अंगाला अडवते, चंद्रावर तर काहीच अडवणार नाही, मग हा सराव खरा कसा मानायचा? रोज कमरेला शिशाचा पट्टा बांधणाऱ्याचा तो प्रश्न होता आणि त्याला नीट उत्तर मिळाले नाही. पाण्यातील सरावाची ही मर्यादा आहेच. म्हणून तर चंद्रावरचे हलकेपण भासवण्यासाठी माणसाला तिरके टांगून चालवण्याचे आणि विमानाच्या विशिष्ट उड्डाणातील सरावही करावे लागले.

२७ जानेवारी १९६७ च्या अपोलो यानाच्या जमिनीवरील चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर पोशाखाचे बाहेरचे आवरण बदलून काचतंतूंचे न पेटणारे कापड आले. एवढी मोठी गोष्ट प्रदर्शनात एका ओळीत उरकणे मला खटकले. पोशाख शिवणाऱ्या स्त्रियांचा फलक मात्र सावकाश वाचण्याजोगा आहे: टाक्यात इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढीही चूक चालत नसे.

तिकीट वीस रुपये आहे. जाणाऱ्यांनी सकाळीच जावे, कारण दुपारनंतर पंप तापतो आणि हातमोज्याचा प्रयोग बंद ठेवतात.