कचक की ह्युबर्डो आणि वीगर? हॉकीतला ट्रेड तोलायचा कसा

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये ट्रेड म्हणजे दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल. त्यातला एक प्रस्ताव असा होता. कॅलगरी फ्लेम्सने मॅथ्यू कचक आणि ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) चौथ्या फेरीची एक सशर्त निवड द्यायची. बदल्यात फ्लोरिडा पँथर्सने जोनाथन ह्युबर्डो, बचावपटू मॅकेन्झी वीगर, होतकरू कोल श्विंट आणि पहिल्या फेरीची एक सशर्त निवड द्यायची. २२ जुलै २०२२ ला हा सौदा झाला. आपल्या टीमसमोर आलेला एखादा ट्रेड फायद्याचा आहे का, हे ठरवायला शिकायचं असेल तर एनएचएलमधला हाच नमुना समोर ठेवावा, कारण कागदावर फ्लोरिडा जास्त देत होती आणि तरी तिचंच भलं झालं.

पॉइंट्स आणि ते येतात कुठून

२०२१-२२ मध्ये ह्युबर्डोचे ३० गोल, ८५ असिस्ट (गोलाला हातभार लावणारे पास), एकूण ११५ पॉइंट्स. लेफ्ट विंगरसाठी असिस्टचा तो विक्रम होता. कचकचे ४२ गोल, ६२ असिस्ट, एकूण १०४. नुसती बेरीज केली तर ह्युबर्डो ११ ने पुढे, वर वीगर आहेच. फँटसी लीगसाठी एवढं पुरतं. खऱ्या टीमसाठी पुरत नाही.

एनएचएल गोलाआधीच्या पासलाही एक पॉइंट देते आणि त्याच्या आधीच्या पासलाही. या दुसऱ्या असिस्टमध्ये सोबत्यांचा आणि नशिबाचा वाटा मोठा असतो. म्हणून आधी दोन्ही असिस्ट वेगळे काढा. मग पाच विरुद्ध पाचमधले पॉइंट्स आणि पॉवर प्लेमधले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) पॉइंट्स वेगळे करा. पॉवर प्लेच्या पहिल्या फळीत नव्या टीममध्ये त्या खेळाडूला जागा मिळेल का, हेही तपासा.

यानंतर खेळ डोळ्यांनी बघायचा. ह्युबर्डो समोरच्या टीमच्या भागाची ब्लू लाइन ओलांडताना पक (रबरी चकती) धरून ठेवतो, धावत येणाऱ्या सोबत्याची वाट बघतो आणि बचावपटूंच्या मधून पास काढतो. वेगाने चढाई करणाऱ्या फ्लोरिडात हे फुललं. कॅलगरी तेव्हा पक कोपऱ्यात टाकून कठड्यालगत झोंबून परत मिळवणारी टीम होती. तिथे धरून ठेवायला पकच कमी मिळतो. कचकचं उलटं. तो गोलीच्या (गोलरक्षकाच्या) तोंडासमोर उभा राहतो, पाठीवर बचावपटूचा भार, स्टिकचं पातं क्रीजच्या (गोलसमोरच्या आखलेल्या भागाच्या) कडेला. लांबून आलेल्या फटक्याला जरासा स्पर्श करून दिशा बदलतो आणि गोलीच्या पॅडवरून उसळलेला पक उचलून जाळ्यात घालतो. असा खेळ कुठल्याही पद्धतीत चालतो आणि प्लेऑफमध्ये जागा आकसते तेव्हा जास्तच कामाला येतो.

पुढच्या मोसमात कचकने १०९ पॉइंट्स केले, ह्युबर्डोने ५५. घसरण इतकी मोठी असेल हे कुणीच सांगू शकलं नसतं, पण धोका कुठल्या बाजूला जास्त आहे हे तेव्हाही दिसत होतं.

वय आणि करार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या वर्षाच्या पैशांत फरक जवळजवळ नव्हता: ह्युबर्डोचे ५९ लाख डॉलर आणि वीगरचे साडेबत्तीस लाख मिळून साडेएक्क्याण्णव लाख, तर कचकचे ९५ लाख. फरक वर्षांचा होता. कचक २४ चा. त्याने आधी कॅलगरीशी आठ वर्षांचा करार केला आणि मग त्याला पाठवलं, म्हणजे फ्लोरिडाला त्याची ऐन भरातली वर्षं ठरलेल्या दरात मिळाली. ह्युबर्डो २९ चा आणि त्याच्या करारात एकच वर्ष उरलेलं.

पगार नेहमी सॅलरी कॅपच्या (टीमच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेच्या) टक्क्यांत मांडा. ८ कोटी २५ लाखांच्या कॅपमध्ये ९५ लाख म्हणजे साडेअकरा टक्के. २०२५-२६ ला कॅप ९ कोटी ५५ लाखांवर गेली आणि तोच पगार दहा टक्क्यांच्या आत आला.

आमच्या मते कॅलगरीची चूक ट्रेडमध्ये नव्हती. टीमचा स्टार जॉनी गॉड्रोने नुकताच कोलंबसशी करार केलेला, कचकही कॅलगरीत राहायला दीर्घ करार करणार नाही म्हणून सांगून बसलेला आणि वर्षभरात मोकळा होणार, म्हणजे हव्या त्या टीमकडे जाऊ शकणार. अशा अडचणीत मिळालेला मोबदला चांगलाच होता, आणि वीगर तर पुढे मोलाचा ठरला. चूक झाली ती दोन आठवड्यांनी: नव्या टीमकडून एकही सामना खेळायच्या आधी ह्युबर्डोला आठ वर्षं, दरसाल १ कोटी ५ लाख. हा करार संपेल तेव्हा तो ३८ चा होईल. म्हणून ट्रेडचा निकाल आणि त्यानंतरच्या कराराचा निकाल वेगवेगळा लावा.

मोकळी होणारी जागा

फ्लोरिडाने वीगर हा पहिल्या जोडीतला बचावपटू दिला आणि त्याचा चटका बसला. साखळीत १२२ गुणांवरून टीम ९२ वर आली, पिट्सबर्गपेक्षा जेमतेम एक गुण जास्त घेऊन प्लेऑफमध्ये शिरली. बचावपटू ब्रँडन मोंटूरने ७३ पॉइंट्स करून बराच भार उचलला. त्याच वर्षी टीम अंतिम फेरीत गेली, आणि २०२४ व २०२५ चे स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) घरी आणले.

करार संपत आलेला खेळाडू घ्यावा का?

जानेवारी २०२५ मध्ये कॅरोलायनाने आक्रमक खेळाडू मिक्को रांतानेनला घेतलं. त्याचा निम्मा पगार सौद्यातली तिसरी टीम शिकागोने उचलला. पण उन्हाळ्यात तो मोकळा होणार होता आणि दीर्घ कराराचं जमेना. तेरा सामन्यांनंतर ७ मार्चला त्याला डॅलसला द्यावं लागलं. लोगन स्टॅन्कोव्हेन आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिळाल्या म्हणून बरं. डॅलसने मात्र आठ वर्षांचा करार पक्का करूनच त्याला घेतलं. खेळाडू दीर्घ करारावर सही करणार की नाही हे कळत नसेल, तर त्याची किंमत एका वसंतापुरतीच, म्हणजे त्या एका प्लेऑफपुरतीच धरा.

तुमच्यासमोरच्या प्रस्तावात नियमांच्याही अडचणी असतात. देणारी टीम दिलेल्या खेळाडूच्या पगाराचा जास्तीत जास्त ५० टक्के भार स्वतःवर ठेवू शकते, तोही एका वेळी तीनच करारांचा. खेळाडूकडे ट्रेड नाकारण्याचा हक्क असेल तर बोलणी तिथेच थांबतात. पहिल्या फेरीची निवड देताना ‘पहिल्या दहात आली तर देणार नाही’ अशी अट आहे का बघा, कारण तिसरा क्रमांक आणि अठ्ठाविसावा क्रमांक यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दोघे देऊन एक घेत असाल, तर सामन्याला उतरणाऱ्या २० जणांची यादी लिहून काढा. रिकाम्या ओळीत ज्याचं नाव येईल, त्याचा खेळही आलेल्या खेळाडूइतक्याच बारकाईने बघा.