पदवीनंतर नर्सिंग : जीएनएम की बी.एस्सी.?

बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी. करून नर्सिंगला येणाऱ्यांना आपल्याकडे जुन्या पदवीमुळे एकही वर्ष सुटत नाही. अमेरिकेत पदवीधरांसाठी साधारण १२ ते १८ महिन्यांचे जलद नर्सिंग अभ्यासक्रम आहेत. इथे मायक्रोबायोलॉजीची पदवी घेतलेल्या मुलीलाही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसा आहे. तेव्हा आधी बारावीची गुणपत्रिका काढा.

तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी असेल, खुल्या प्रवर्गात ४५ टक्के असतील, तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. त्याला राज्याची सीईटी द्यावी लागते. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांना जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी : तीन वर्षांचा डिप्लोमा, इंग्रजीसह बारावी ४० टक्क्यांनी पास, वय ३५ पर्यंत. त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की नर्सिंगची पदवीही हाती येते. वॉर्डातली नाइट ड्यूटी दोघींना सारखीच.

पदवीधराने खरा हिशेब मांडायचा तो वयाचा. एम्स या केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सची भरती करणाऱ्या नॉरसेट परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी मर्यादा ३० वर्षांची आहे. बी.एस्सी. झालेलीला तिथे अनुभव लागत नाही; जीएनएम झालेलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काम केलेलं दाखवावं लागतं. म्हणजे एम्ससाठी तीन वर्षांचा डिप्लोमा पाच वर्षांना पडतो. बाविसाव्या वर्षी प्रवेश घेतलात तर दोन्ही वाटांनी पोचाल. सव्विसाव्या वर्षी घेतलात तर जीएनएमची वाट तिथे बंद होते आणि बी.एस्सी.चीही जेमतेम उरते.

राज्य सरकारच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीत मात्र खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत मुभा आहे आणि जीएनएम चालतं. म्हणून पंचविशी ओलांडलेल्या, घरखर्चाला हातभार लावायचा असलेल्या मुलीला मी जीएनएमच सुचवेन : कमाई एक वर्ष आधी सुरू होते, पोस्ट बेसिक नंतर करता येतं. वय कमी आहे, बारावी सायन्स आहे, पुढे एम.एस्सी. करून शिकवायचं मनात आहे, तर बी.एस्सी. सोडू नका.

कॉलेज निवडताना फीइतकीच चौकशी रुग्णालयाची करा : खाटा किती, पेशंट किती, प्रसूती कक्ष आणि आयसीयूत विद्यार्थिनींना खरंच काम करू देतात का. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली हे नीट सांगतात.