वागळे इस्टेटच्या सर्व्हररूममधला केव्हीएम: मेमरीच्या तक्रारी आणि त्यांचा माग

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या मध्यम ऑफिसात केव्हीएम, म्हणजे एका लिनक्स सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी सोय, कितपत निभावतो, असं विचारणाऱ्यांसाठी हा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव. मांडणी साधी आहे: दोन सॉकेटचा झिऑन सर्व्हर, २५६ जीबी ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी) रॅम, डेबियन १२ लिनक्स आणि व्हीएम सांभाळणारं लिबव्हर्ट. त्यावर टॅलीसाठी विंडोज सर्व्हर २०१९, एक पोस्टग्रेस डेटाबेस, फाइल सर्व्हर आणि काही किरकोळ लिनक्स व्हीएम. महाप्याच्या गोदामातली मंडळी रिमोट डेस्कटॉपने टॅलीवर येतात. डिस्क आणि नेटवर्कबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, व्हीएमसाठीच बनवलेले व्हर्टआयओ ड्रायव्हर टाकले की दोन्ही नीट चालतात. डोकं खाते ती मेमरी.

सर्वांत जास्त फसगत होते ती आकड्यांवरून. लिबव्हर्टची व्हर्श डोममेमस्टॅट ही आज्ञा चालवल्यावर ‘अनयूज्ड’समोर जो आकडा येतो तो व्हीएमच्या आतल्या बलून ड्रायव्हरने (गरजेनुसार होस्टला रॅम परत देणाऱ्या) पाठवलेला असतो, आणि पीरियड, म्हणजे आकडा किती वेळाने यावा हे, ठरवून दिला नसेल तर तो शिळा असतो किंवा येतच नाही. पीरियड १० सेकंद ठेवा आणि प्रत्येक वेळी ‘लास्ट अपडेट’ची वेळ आधी बघा. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, खरोखर किती रॅम गेली हे त्याच यादीतला ‘आरएसएस’ सांगतो. विंडोज मेमरीची रिकामी पानंही (पान म्हणजे सहसा चार केबीचा तुकडा) शून्याने भरून ठेवतं, त्यामुळे आत निम्मी मेमरी मोकळी दिसत असली तरी होस्टच्या लेखी ती व्हीएम पूर्ण भरलेली असते. म्हणूनच वीज जाऊन आली आणि सगळ्या व्हीएम एकदम उठल्या की ओव्हरकमिट केलेला, म्हणजे असलेल्या रॅमपेक्षा जास्त वाटलेला, होस्ट कोसळतो. एरवी तोच होस्ट महिनोन्‌महिने कुरकुर न करता चाललेला असतो. व्हीएम उठवायचं काम लिबव्हर्ट-गेस्ट्स सेवेकडे असेल तर तिथे एका व्हीएमनंतर दुसरी उठवण्याआधीचा विलंब सेकंदांत देता येतो. तो ६० ठेवा.

व्हीएम अचानक बंद पडलेली सापडली तर विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ४१ क्रमांकाची नोंद दिसेल, म्हणजे नीट शटडाउन झालं नाही एवढंच. कारण होस्टवर शोधायचं असतं. कर्नल लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ आणि व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या प्रोसेसचं नाव एकत्र दिसलं की प्रश्न मिटला. ओओएम किलर, म्हणजे रॅम संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, सहसा सर्वांत जास्त रॅम खाणाऱ्या प्रोसेसवर जातो, म्हणजे नेमकी सर्वांत महत्त्वाची व्हीएम जाते. उपाय रुक्ष आहे: सगळ्या व्हीएमच्या मेमरीची बेरीज २३० जीबीच्या वर नेऊ नका आणि डिस्कचा कॅश मोड ‘नन’ ठेवा, म्हणजे तोच डेटा होस्टच्या पेज कॅशमध्ये पुन्हा साठत नाही.

आता खरा किचकट दोष. होस्टवरच्या लिनक्स कर्नल ६.१ च्या जुन्या पॅच-पातळीवर आणि ६.२ वर बरेच दिवस चाललेली व्हीएम एकाएकी गोठते. पिंग नाही, कन्सोल नाही, आणि होस्टवर तिचे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) १०० टक्क्यांवर. पाहणाऱ्याला वाटतं, विंडोज अडकलं. इथे पर्फ केव्हीएम स्टॅट लावा. एक्झिटच्या (व्हीएममधून केव्हीएमकडे ताबा येण्याच्या प्रसंगांच्या) यादीत ‘ईपीटी व्हायोलेशन’ प्रचंड वेगाने वाढत असेल (ईपीटी म्हणजे व्हीएमचे मेमरी-पत्ते होस्टच्या रॅमशी जोडणारं इंटेलचं टेबल) तर पुढची पायरी: ट्रेस-सीएमडीने केव्हीएम पेज फॉल्ट हा इव्हेंट पाच सेकंद टिपा. निरोगी व्हीएममध्ये पत्ते बदलत राहतात. या दोषात तोच एक पत्ता ओळीमागून ओळ येत राहतो.

कारण असं. होस्टने एखादं पान हलवलं, की केव्हीएम त्या व्हीएमचा एक क्रमांक वाढवतो. पेज फॉल्ट, म्हणजे व्हीएमने मागितलेलं पान टेबलात न सापडणं, हाताळताना हा क्रमांक सुरुवातीला टिपून ठेवतात. मधल्या काळात तो बदलला असेल तर फॉल्ट पुन्हा करायचा, हा नियम. दोष असा, की टिपलेला क्रमांक ३२ बिटांच्या साइन्ड (धन-ऋण चिन्ह असलेल्या) पूर्णांकात ठेवला जात होता. मूळ गणती २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की टिपलेला आकडा ऋण होतो, तुलना कधीच जुळत नाही आणि फॉल्ट अनंतकाळ पुन्हा होत राहतो. सेकंदाला ४०० वेळा पानं हलली तर ही मर्यादा साधारण ६२ दिवसांत गाठली जाते. पानं हलवणारे मुख्य दोघे: केएसएम (सारखी पानं एकत्र जोडणारा) आणि नुमा बॅलन्सिंग (पानं ती वापरणाऱ्या सॉकेटजवळच्या रॅममध्ये, म्हणजे त्या नोडवर, नेणारं). म्हणून दोन सॉकेटच्या मशीनवर हे जास्त दिसतं. दुसरा होस्ट असेल तर लाइव्ह मायग्रेशन केल्यावर (व्हीएम बंद न करता तिकडे हलवल्यावर) तिकडे गणती नव्याने सुरू होते आणि व्हीएम जागी होते. मूळ कर्नलमध्ये ६.३ पासून हा दोष नाही, ६.१ च्या स्थिर शाखेत दुरुस्ती ऑगस्ट २०२३ मध्ये आली. पॅकेज अपडेट करून भागत नाही, होस्ट रीबूट व्हायलाच हवा.

एक्झिटच्या त्याच यादीत ‘ईपीटी मिसकॉन्फिग’ लाखांनी दिसलं तर मात्र घाबरू नका. नाव भीतीदायक असलं तरी उपकरणांचे पत्ते पकडण्यासाठी केव्हीएम ते मुद्दाम वापरतो. व्हर्टआयओ नेटवर्कवर लोड आला की ते वाढणारच.

दोष दुरुस्त झाला तरी केएसएम आणि नुमा बॅलन्सिंग बंदच ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. केएसएम बंद करताना रन फाइलमध्ये ० लिहिलं तर आधी जोडलेली पानं तशीच राहतात, २ लिहिल्यावर ती सुटी होतात. पण सुटी होताना रॅम लागते, तेव्हा आधी पेजेस शेअरिंगचा आकडा चार केबीने गुणून तेवढी जागा मोकळी आहे का पाहा. जीएसटीआर-३बी रिटर्नच्या २० तारखेच्या आसपास हा उद्योग करू नये.

ह्यूजपेजचा, म्हणजे चार केबीऐवजी मोठ्या पानांचा, फायदा टॅलीपेक्षा पोस्टग्रेसला ठळक जाणवतो. नेस्टेड पेजिंगमध्ये (व्हीएमची आणि होस्टची टेबलं एकावर एक असताना) पत्ता टीएलबीत, म्हणजे प्रोसेसरच्या पत्त्यांच्या कॅशमध्ये, सापडला नाही की चार पातळ्यांच्या टेबलांसाठी २४ पर्यंत मेमरी वाचनं लागतात, व्हर्च्युअलायझेशनशिवाय ती चार असतात. १ जीबीची पानं बूटलाच राखून ठेवा, नंतर सलग जागा मिळत नाही. ९६ पानं मागितली तर कर्नल ती दोन्ही नोडवर ४८-४८ अशी वाटतो. मग एकाच नोडला बांधलेली ६४ जीबीची व्हीएम ‘मेमरी नाही’ म्हणून सुरूच होत नाही, आणि एकूण मोकळ्या पानांचा आकडा बघून काही उलगडा होत नाही. बूटच्या ओळीत नोडनुसार आकडे देता येतात, तसेच द्या. अशा व्हीएमला बलूनचा उपयोग राहत नाही आणि केएसएम तिला हात लावत नाही, हे आमच्या मते चांगलंच आहे.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी: ईडॅक या कर्नलच्या रॅम-चुका मोजणाऱ्या भागातला दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा. वेगवेगळ्या व्हीएममध्ये असंबद्ध क्रॅश येत असतील आणि एकाच रॅम स्लॉटचा आकडा वाढत असेल, तर केव्हीएमवरचा संशय सोडा आणि ती रॅमची पट्टी बदला.